एक्झिमा आणि त्वचेवरचे जिवाणू : आधी दाह शमवा, मग जिवाणूंकडे वळा

जुनाट अॅटोपिक एक्झिमाच्या (त्वचा कोरडी, खाजरी आणि सुजलेली ठेवणाऱ्या आजाराच्या) चट्ट्यावरून स्वॅब (कापसाच्या काडीने नमुना) घेतला, तर दहापैकी साधारण सात जणांच्या अहवालात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडतो. याच लोकांच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही तो दहापैकी चौघांकडे असतो. अहवाल हाती आला की बहुतेक वेळा अँटिबायोटिकचा कोर्स, जंतुनाशक साबण आणि आंघोळीच्या पाण्यात औषध हा क्रम ठरलेला. काही दिवस बरं वाटतं, मग चट्टे परत येतात, आणि पुढच्या खेपेला आणखी जोरदार अँटिबायोटिक मागितलं जातं.

चूक निदानात नाही, क्रमात आहे. हा जिवाणू त्रास वाढवतो हे खरंच, पण त्याला तिथे जम बसवू देते ती सुजलेली, फाटलेली त्वचा. दाह शमला आणि त्वचेचं आवरण सांधलं गेलं, की त्याची संख्या अँटिबायोटिकशिवायही घटते. नुसते जिवाणू मारले तर काही आठवड्यांत नाकातून, टॉवेलवरून, घरातल्या दुसऱ्या माणसाकडून ते परत येतात. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. औषधांची नावं ओळखीसाठी आहेत, ती डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय सुरू करू नयेत.

त्वचेवर नेमकं काय बिघडतं

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५. ही आम्लता टिकवण्यात फिलॅग्रिन या प्रथिनाचा मोठा हात आहे. वरच्या थरात ते मोडतं तेव्हा त्यातून पाणी धरून ठेवणारे आणि आम्लता राखणारे घटक तयार होतात. काही लोकांत फिलॅग्रिनच्या जनुकातच दोष असतो आणि त्यांना एक्झिमाचा धोका बराच जास्त असतो, हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. फिलॅग्रिन कमी पडलं की पाणी उडतं, पीएच वर सरकतो, त्वचेला बारीक भेगा पडतात. स्टॅफ ऑरियसला हे वातावरण मानवतं.

त्वचेवर त्याला विरोध करणारे रहिवासीही आहेत. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस यांच्या काही जाती ऑरियसला मारणारी छोटी प्रथिनं बनवतात, आणि एक्झिमाच्या रुग्णांत अशा जाती कमी आढळतात, असं २०१७ च्या एका संशोधनात दिसलं. म्हणून 'त्वचा निर्जंतुक करणं' हे उद्दिष्टच चुकीचं आहे. जंतुनाशक साबण शत्रू आणि पहारेकरी दोघांनाही एकाच वेळी धुऊन काढतो. अर्थात एपिडर्मिडिसही सदा सज्जन नसतो. त्याची संख्या बेसुमार वाढली तर त्याचं एक एन्झाइम त्वचेचं आवरण कुरतडू शकतं.

आता प्रतिकारयंत्रणेची बाजू. एक्झिमात टाइप २ प्रकारची (ॲलर्जीत दिसणारी) प्रतिक्रिया वरचढ होते आणि इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१३ हे संदेशवाहक रेणू जास्त बनतात. ते फिलॅग्रिनचं उत्पादन दाबतात. त्वचा स्वतःच्या बचावासाठी जी जिवाणूनाशक प्रथिनं बनवते, तीही कमी करतात. शिवाय त्यांच्यामुळे ऑरियसला त्वचेच्या पेशींना चिकटणं सोपं जातं. म्हणजे ज्याच्या जनुकात काही दोष नाही त्याचंही आवरण दाहामुळे कमकुवत होतं.

एकदा बस्तान बसलं की ऑरियस गप्प राहत नाही. त्याची प्रोटिएझ (प्रथिनं कापणारी) एन्झाइम पेशींमधले दुवे कापतात. त्याचं डेल्टा टॉक्सिन मास्ट पेशींना (ॲलर्जीची द्रव्यं साठवणाऱ्या पेशींना) फोडून हिस्टामिनसारखी द्रव्यं बाहेर काढतं, हे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसलं. काही जाती सुपरअँटिजेन बनवतात. ही विषं नेहमीचा ओळखपरेडीचा टप्पा टाळून टी-पेशींना (प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशींना) एकदम मोठ्या संख्येने उठवतात. २०२३ मध्ये आणखी एक दुवा सापडला: ऑरियसचं व्ही-८ हे प्रोटिएझ थेट मज्जातंतूंवरच्या पार-१ या ग्राहकाला (संदेश टिपणाऱ्या रिसेप्टरला) छेडतं आणि उंदरांत खाज सुटते. खाजवलं की आवरण आणखी फाटतं आणि चक्र पूर्ण होतं.

हे चक्र आवरणापाशी, दाहापाशी, खाजेपाशी किंवा जिवाणूपाशी तोडता येतं. पहिल्या तीन ठिकाणी तोडलं तर जिवाणूवरही परिणाम होतो. चौथ्या ठिकाणी तोडलं तर बाकीची तीन तशीच चालू राहतात. मुलांच्या त्वचेवरील जिवाणूंचा २०१२ मधला एक अभ्यास हेच दाखवतो: एक्झिमा उफाळला की जिवाणूंची विविधता कोसळते आणि ऑरियस बोकाळतो, पण ज्यांचे उपचार अधूनमधून का होईना चालू होते, त्यांच्यात विविधता बरीच टिकून राहिली.

पहिली पायरी : मोजमाप

उपचार सुरू करण्याआधी आकडा काढा. 'बरं वाटतंय' यावर विसंबलं की कालची वाईट रात्रच आठवते. पोएम ही सात प्रश्नांची पद्धत घरी वापरायला सोपी आहे. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोप मोडली, किती दिवस रक्त आलं, लस पाझरली, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, त्वचा कोरडी-खरखरीत वाटली? एकही दिवस नाही तर ०, १-२ दिवस १, ३-४ दिवस २, ५-६ दिवस ३, रोज असेल तर ४. बेरीज २८ पर्यंत जाते. ० ते २ म्हणजे त्वचा जवळपास साफ, ३ ते ७ सौम्य, ८ ते १६ मध्यम, १७ ते २४ तीव्र, त्यापुढे अतितीव्र.

दर आठवड्याला ठरावीक वारी आकडा लिहा आणि त्याच जागेचा त्याच उजेडात फोटो काढा. एक-दोन गुणांच्या चढउतारावरून औषध बदलू नका. चार-पाच गुणांचा फरक असेल तर त्याला अर्थ आहे.

दुसरी पायरी : आंघोळ

रोज एकदा, कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटं. कढत पाण्याने खाज त्या क्षणी थांबते म्हणून ते हवंहवंसं वाटतं, पण त्याने त्वचेतली चरबी धुऊन जाते आणि नंतर खाज आणखी वाढते.

साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. आधीच आम्लता गमावलेल्या त्वचेवर तो लावणं म्हणजे ऑरियसला आमंत्रण. त्याऐवजी ५.५ च्या आसपास पीएच असलेला, सुगंध नसलेला सिंडेट बार (साबण नसलेली धुण्याची वडी) किंवा क्लेन्झर घ्या आणि तोही काखा, जांघा, पावलं इथेच रोज वापरा. बाकी अंगाला बहुतेक दिवशी पाणी पुरतं. घासणी, ब्रश, खरखरीत कापड पूर्ण बंद. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव रोज टाकण्याची सवय असेल तर सोडा: तेवढ्या सौम्य प्रमाणात ते जिवाणूंचं फारसं काही बिघडवत नाही, त्वचेचा दाह मात्र वाढवू शकतं.

आंघोळीच्या पाण्यात घालायची तेलंही विकत मिळतात. ब्रिटनमध्ये मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांवर ती वाढवून काहीच जादा फायदा दिसला नाही. तोच पैसा अंगाला लावायच्या मॉइश्चरायझरवर घाला.

आंघोळीनंतर टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. त्वचा ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, पुढची पायरी.

तिसरी पायरी : मॉइश्चरायझर, आणि तेही किलोच्या हिशेबात

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, आणि घसरतात ते प्रमाणात. सर्वांग कोरडं असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला सुमारे ५०० ग्रॅम, लहान मुलाला किमान २५० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. दिवसातून दोनदा लावायचं तर मोठ्या माणसाला एका खेपेला साधारण ३५ ग्रॅम. शंभर ग्रॅमची बाटली महिनाभर पुरत असेल, तर मॉइश्चरायझर 'लागू पडलं नाही' हा निष्कर्ष काढायची वेळच आलेली नाही.

कुठलं घ्यावं? लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांची मुलांमध्ये थेट तुलना करणाऱ्या २०२२ च्या चाचणीत परिणामकारकतेत फरक आढळला नाही. तेव्हा जे तुम्ही न कंटाळता रोज लावाल ते चांगलं. व्यवहारात भेगाळलेल्या हातापायांना आणि रात्री ऑइंटमेंट, दिवसा कपड्यांखाली क्रीम, केसाळ भागावर लोशन असं बसतं. ऑइंटमेंटमध्ये पाणी जवळपास नसल्याने प्रिझर्व्हेटिव्ह कमी लागतात, म्हणून उघड्या कातडीवर ते कमी झोंबतं. युरिया ५ ते १० टक्के असलेली क्रीमं मोठ्यांच्या जाड, खरखरीत त्वचेवर छान काम करतात. लहान मुलांच्या फाटलेल्या त्वचेवर आग करतात.

सुगंध, वनस्पतींचे अर्क, इसेन्शियल ऑइल टाळा. 'नैसर्गिक' हा शब्द ॲलर्जीपासून संरक्षण देत नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते त्वचेच्या आवरणातली चरबीची रचना विस्कटतं, तेव्हा एक्झिमात ते नको. सोडियम लॉरिल सल्फेट असलेली क्रीमं धुऊन टाकायच्या कामाची आहेत, अंगावर ठेवायची नाहीत.

लावताना चोळू नका. ठिपके ठेवा आणि केसांच्या वाढीच्या दिशेने हलक्या हाताने ओढा. उलट्या दिशेने रगडलं की केसांच्या मुळांशी मलम भरतं आणि फोड येतात. त्यालाच मग 'संसर्ग' समजून अँटिबायोटिक सुरू होतं. बरणीत बोटं घालू नका: त्वचेवरचा ऑरियस बरणीत जातो आणि तिथून परत त्वचेवर. पंपाची बाटली घ्या, नाहीतर स्वच्छ चमच्याने बशीत काढून घ्या. आणि एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो: मॉइश्चरायझर कपड्यांत, चादरींत, पट्ट्यांत मुरून वाळलं की ते कापड फार चटकन पेट घेतं. विडी-सिगरेट, मेणबत्ती, शेगडी यांपासून लांब राहा. कपडे धुतल्याने हा धोका कमी होतो, संपत नाही.

चौथी पायरी : दाह शमवणं, म्हणजे पुरेसं स्टेरॉईड, पुरेसे दिवस

स्टेरॉईड मलमाची भीती इतकी पसरली आहे की लोक ते लावतात, पण घाबरत घाबरत, मोहरीएवढं. परिणामी दाह अर्धवट विझतो, आठवड्यात परत पेटतो, आणि एकूण स्टेरॉईड जास्तच जातं. मोजून लावा.

माप म्हणजे बोटाचं पेर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून शेवटच्या वळीपर्यंत, ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे एक पेर, सुमारे अर्धा ग्रॅम. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला, बोटांसकट, पुरतं. मोठ्यांसाठी पूर्ण भाग व्यापायचा तर चेहरा-मान अडीच पेरं, एक हात ३, पंजा १, एक पाय ६, पाऊल २, छाती-पोट ७, पाठ आणि कुल्ले ७. मुलांसाठीही माप मोठ्या माणसाच्याच बोटाचं घ्यायचं: ३ ते ६ महिन्यांच्या बाळाला चेहरा-मान १, पंजासह एक हात १, पावलासह एक पाय दीड, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला अनुक्रमे दीड, २ आणि ३, ६ ते १० वर्षांच्या मुलाला २, अडीच आणि साडेचार.

हिशेब करून बघा. चार वर्षांच्या मुलाच्या दोन्ही हातांवर चट्टे आहेत: रोज चार पेरं, म्हणजे २ ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपायला हवी. दोन महिने पुरली असेल तर उपचार झालेलाच नाही.

चेहरा, पापण्या, काखा, जांघा इथे त्वचा पातळ असते. तिथे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य, तेही थोडे दिवस. धड आणि हातापायांना मध्यम किंवा तीव्र, उदाहरणार्थ मोमेटासोन. क्लोबेटासोल अतितीव्र आहे, ते चेहऱ्यावर कधीच नको. तीव्र मलमं दिवसातून एकदा लावलेली पुरतात. चट्टा फिका दिसला की थांबू नका: हात फिरवून त्वचा गुळगुळीत लागली, खाज गेली, त्यानंतर आणखी दोन दिवस लावा. सावळ्या कातडीवर दाह गेल्यावरही काळपट किंवा फिका डाग महिनोन्‌महिने राहतो. तो रंगाचा फरक आहे, दाह नाही. त्यासाठी स्टेरॉईड लावत राहिलं तर त्वचा पातळ होण्यापलीकडे काही होणार नाही.

मॉइश्चरायझर आधी की स्टेरॉईड, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्हींत १५-२० मिनिटांचं अंतर ठेवा म्हणजे मलम पातळ होऊन भलतीकडे पसरत नाही.

त्वचा साफ झाल्यावर खरी कसोटी. ज्यांना त्याच त्या जागी वारंवार उफाळतं, त्यांनी डॉक्टरांशी बोलून आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वारी, त्या जागांवर स्टेरॉईड किंवा टॅक्रोलिमस (स्टेरॉईड नसलेलं दाहशामक मलम) लावत राहावं. त्वचा दिसायला चांगली असली तरी आतला दाह पूर्ण विझलेला नसतो, म्हणून हा उपाय चालतो. टॅक्रोलिमस (मुलांना २ वर्षांपासून ०.०३ टक्के, मोठ्यांना ०.१ टक्के) त्वचा पातळ करत नाही, म्हणून पापण्या-मानेसाठी सोयीचं. पहिले काही दिवस त्याने आग होते. ती बहुधा आठवड्याभरात कमी होते, हे आधी माहीत नसलं की लोक तिसऱ्या दिवशी ट्यूब फेकून देतात.

स्टेरॉईड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मिश्रणं मात्र दुकानातून परस्पर घेऊन लावू नका. निदान गजकर्णाचं असेल तर स्टेरॉईडमुळे लाली दबते, बुरशी पसरते आणि कडांचा ओळखीचा गोल आकारच नाहीसा होतो. निदान एक्झिमाचं असेल तर विनाकारण अँटिबायोटिक जातं.

खूप खाजणाऱ्या, झोप मोडणाऱ्या टप्प्यात ओल्या पट्ट्या चांगल्या: मलम लावून त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती थर, वर कोरडा थर. पट्ट्यांखाली स्टेरॉईड जास्त शोषलं जातं, म्हणून कोणतं औषध आणि किती दिवस हे डॉक्टरांनीच ठरवायचं. संसर्ग असलेल्या त्वचेवर पट्ट्या बांधायच्या नाहीत आणि लहान मुलाला थंडी वाजत नाही ना हे बघत राहायचं.

पाचवी पायरी : जिवाणूंकडे कधी वळायचं

त्वचेवर ऑरियस असणं आणि त्याचा संसर्ग होणं यांत फरक आहे. नुसत्या स्वॅबच्या अहवालावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं. रुग्णाकडे बघून करायचं असतं. मधासारख्या पिवळ्या खपल्या, पाझरणारी लस, पुळ्या, चट्टा अचानक दुखरा होणं, भोवती गरम सूज, ताप, काखेत-जांघेत गाठी: यांपैकी काही एकत्र दिसलं तर संसर्ग धरा. सावळ्या त्वचेवर लाली तांबडी न दिसता जांभळट, करडी किंवा गडद तपकिरी दिसते, तेव्हा ऊब आणि दुखरेपणा हाताने तपासा.

थोडीशी लस आणि एखादी खपली एवढ्यावरही औषधांची घाई नको. सौम्य संसर्गाची लक्षणं असलेल्या मुलांवरील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडावाटे किंवा लावायचं अँटिबायोटिक देऊन, स्टेरॉईड आणि मॉइश्चरायझरच्या वर काही ठळक फायदा मिळाला नाही. संसर्ग ठळक असेल तर डॉक्टर फ्लुक्लोक्सासिलिन किंवा सेफॅलेक्सिनसारखं औषध बहुधा ५ ते ७ दिवस देतात. या काळात स्टेरॉईड बंद करायचं नाही. 'संसर्ग आहे, स्टेरॉईड थांबवा' हा सल्ला घराघरांत दिला जातो, पण अँटिबायोटिक चालू असताना दाह तसाच धुमसत ठेवला तर आठवड्याने आपण परत तिथेच. फ्युसिडिक आम्लाचं मलम दोन आठवड्यांपलीकडे नको, कारण ऑरियस त्याला लवकर दाद देईनासा होतो.

स्वॅबचा खरा उपयोग औषध दोनतीन दिवसांत लागू पडत नसेल किंवा संसर्ग पुन्हापुन्हा होत असेल तेव्हा. नवं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, खपली उचलून खालच्या ओल्या जागेवरून तो घ्यायचा. वारंवार होणाऱ्यांत नाकातूनही घेतात. नाकात जिवाणू सापडला तर मुपिरोसिनचं मलम नाकपुड्यांत काही दिवस देतात, पण घरातल्या इतरांकडे आणि टॉवेल-चादरींकडे दुर्लक्ष झालं तर महिन्याभरात सगळं पूर्ववत.

एका प्रसंगी मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकसारख्या आकाराचे, मधोमध खळगा असलेले फोड किंवा पंचने पाडल्यासारखे छोटे गोल व्रण झपाट्याने पसरत असतील, खाजेपेक्षा दुखत जास्त असतील, ताप असेल, तर तो जिवाणू नसून हर्पिसचा विषाणू असू शकतो. त्याला अँटिबायोटिक चालत नाही, ॲसायक्लोव्हिर लागतं. डोळ्याभोवती असेल तर डोळ्यांचे डॉक्टरही त्याच दिवशी.

ब्लीचची आंघोळ : प्रमाण चुकवू नका

मध्यम ते तीव्र एक्झिमात काही डॉक्टर आठवड्यातून २-३ वेळा अतिसौम्य ब्लीचच्या पाण्यात आंघोळ सुचवतात. पुरावा सरळ नाही. काही एकत्रित विश्लेषणांत साध्या पाण्याहून फायदा दिसला नाही, तर नंतरच्या एकात आजाराची तीव्रता थोडी कमी झालेली आढळली. गंमत अशी की एवढ्या पातळ द्रावणात प्रयोगशाळेतला ऑरियस फारसा मरत नाही. फायदा होत असेल तर त्याची वाट कदाचित वेगळी आहे. उफाळा आणि संसर्ग यांचं चक्र थांबत नसेल तर करून पाहण्याजोगा उपाय आहे, पहिल्या फळीचा नाही.

पाण्यात सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण ०.००५ टक्के हवं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर: १०० लिटरच्या टबला १०० मिलिलिटर, २० लिटरच्या बादलीला २० मिलिलिटर. ब्लीच ६ टक्के असेल तर २० लिटरला १६-१७ मिलिलिटर, १० टक्के असेल तर १०. बाटलीवर टक्केवारी नसेल तर ते ब्लीच वापरू नका. सुगंधी, दाट केलेलं किंवा इतर क्लीनर मिसळलेलंही नको. अंदाजाने झाकणभर ओतू नका, सिरिंजने किंवा मापाने मोजा. आधी पाणी भरा, मग ब्लीच घालून ढवळा, मगच माणूस पाण्यात. ५ ते १० मिनिटं, डोकं आणि चेहरा पाण्याबाहेर, खिडकी उघडी. नंतर साध्या पाण्याने धुवा, टिपा, मॉइश्चरायझर लावा. ब्लीच कोणत्याही आम्लात, टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. त्वचा जागोजागी उघडी पडली असेल तर थांबा. दम्याच्या रुग्णाने वासाचा त्रास होत असेल तर हा नाद सोडलेला बरा.

सगळं करूनही आकडा उतरत नसेल तर

दोन-तीन आठवडे मोजून केल्यावरही पोएमचा आकडा हलत नसेल, तर आधी ट्यूब आणि बाटल्यांचं वजन बघा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. प्रमाण बरोबर असेल तर निदानावर शंका घ्या. घरात सगळ्यांनाच रात्री खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल तर खरूज. गोल कडा पसरत असेल तर गजकर्ण, त्यासाठी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. मलम लावलं की वाढतं, किंवा पापण्या, मान, हात एवढ्यावरच अडकलं आहे, तर स्पर्शजन्य ॲलर्जी: मेथिलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह, सुगंधी द्रव्यं, लॅनोलिन, कधी खुद्द स्टेरॉईडची. पॅच टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि त्या काढल्यावर दोन दिवसांनी पुन्हा वाचतात. एकदाच वाचलं तर उशिरा उमटणाऱ्या प्रतिक्रिया निसटतात. मोठ्या वयात प्रथमच सुरू झालेला, दाद न देणारा 'एक्झिमा' असेल तर बायोप्सी करून त्वचेचा टी-पेशींचा लिम्फोमा (एक कर्करोग) नाही ना, हे बघावं लागतं.

जिवाणू मारण्याऐवजी चांगले जिवाणू द्यावेत, ही कल्पना आकर्षक आहे. तोंडावाटे घ्यायच्या प्रोबायोटिक्सनी एक्झिमाच्या लक्षणांत फरक जवळपास पडत नाही, असं २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याचं (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाचं) म्हणणं. त्वचेवर लावायच्या स्टॅफिलोकॉकस होमिनिसच्या एका निवडक जातीने २०२१ मधल्या छोट्या, प्राथमिक चाचणीत ऑरियस कमी केला, पण ते अजून औषध नाही. बाजारात 'मायक्रोबायोम क्रीम' म्हणून जे मिळतं त्याला हा पुरावा लागू होत नाही.

मध्यम-तीव्र आजारात पुढची पायरी म्हणजे प्रतिकारयंत्रणेलाच नेमकं गाठणारी औषधं. ड्युपिल्युमॅब इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा संदेश अडवतं. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ते अँटिबायोटिक नाही, तरी त्याने त्वचेवरचा ऑरियस घटतो आणि विविधता वाढते. या लेखातल्या क्रमाला याहून स्वच्छ पुरावा नाही. डोळे लाल होणं, चुरचुरणं हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम. उपाडासिटिनिब, ॲब्रोसिटिनिब या जॅक रोधकांनी (पेशींच्या आतला दाहाचा संदेश अडवणाऱ्या गोळ्यांनी) खाज फार लवकर उतरते, पण आधी क्षयाची आणि रक्ताची तपासणी, नंतरही ठरावीक काळाने रक्त तपासणं हे त्यांचं पथ्य.

इतर जुनाट दाहरोगांत हाच क्रम चालतो का?

सरसकट नाही. सोरायसिसमध्ये सूत्रं इंटरल्यूकिन-१७ आणि २३ यांच्या हाती असतात आणि त्वचा जिवाणूनाशक प्रथिनं उलट भरपूर बनवते. त्यामुळे चट्टे मोठे असूनही त्यांना संसर्ग क्वचित होतो. तिथे जिवाणूचा संबंध वेगळ्याच वाटेने येतो: घशात स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे चट्टे उठतात. सेबोऱ्हिक डर्माटायटिसमध्ये (डोक्यात, चेहऱ्यावर तेलकट पापुद्रे आणणाऱ्या आजारात) मॅलासेझिया या यीस्टचा हात असतो. २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, ३-५ मिनिटं डोक्यावर ठेवून मग धुवायचा. लगेच धुतला तर उपयोग नाही.

मुरमांमध्ये क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस निरोगी चेहऱ्यावरही असतोच. फरक जातींत आणि प्रतिक्रियेत आहे. तिथे अँटिबायोटिक एकटं कधीच द्यायचं नाही, सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवं आणि साधारण तीन महिन्यांत थांबायचं, नाहीतर जिवाणू औषधाला सरावतात. काखेत-जांघेत वारंवार गळवं आणणाऱ्या हायड्राडेनायटिस सप्पुरेटिव्हात डॉक्टर आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक देतात ते बऱ्याच अंशी त्यांच्या दाहशामक गुणासाठी. तो आजार अस्वच्छतेमुळे होत नाही, आणि रुग्णाला जास्त घासून अंघोळ करायला सांगणं म्हणजे जखमेवर आणखी घर्षण.